पायरीवरचे डॉक्टर

निमकर डॉक्टरांची शोकसभा हॉस्पिटलच्याच वरच्या मजल्यावर झाली. फोटोला चंदनाचा हार, पुढे उदबत्ती आणि मागे पंख्याच्या वाऱ्याने सारखा फडफडणारा बॅनर. बोलायला उठलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट न चुकता सांगितली. एवढा मोठा डॉक्टर, पण गर्व कशाशी खातात ते माहीत नव्हतं. गाडी आली की खुर्चीत बसून राहायचे नाहीत, स्वतः उठायचे, पायऱ्या उतरायचे आणि पेशंटपाशी जायचे. "आजकाल कोण येतं हो असं दारापर्यंत?" असं म्हणत एका ट्रस्टींनी खिशातून रुमाल काढला. माझ्या शेजारी गोपाळमामा बसले होते, कॅज्युअल्टीतले सगळ्यांत जुने वॉर्डबॉय. त्यांनी सभाभर मान वर केली नाही.

दारापर्यंत यायचे हे अगदी खरं. कशासाठी यायचे, एवढंच सांगायचं सगळ्यांचं राहून गेलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मीही तिथे गप्प बसले आणि चहा घेऊन घरी आले. इथे मात्र बोलणार आहे.

मी त्या हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर होते. वसई पूर्वेला तेव्हा नुसत्या इमारती उगवत होत्या. सातिवलीला गाळ्यांमागून गाळे, गोखिवऱ्याला चाळीला लागून चाळ, आणि एव्हरशाईनमध्ये लोक राहायला येऊन लिफ्ट चालू व्हायची वाट बघत होते. माणसं आली म्हणजे त्यांचे अपघात, ताप आणि झटकेही आलेच. ते सगळं आमच्या पोर्चमध्ये येऊन थांबायचं. तिथून थोडं पुढे गेलं की हायवे, हायवेने गेलं की खाडीवरचा पूल, आणि पूल ओलांडला की मुंबईची मोठी हॉस्पिटलं. हा पूल लक्षात असू द्या, कारण डॉक्टरांची निम्मी प्रॅक्टिस त्या पुलाच्या जिवावर चालायची.

माझ्या खिडकीतून पोर्च दिसायचा आणि डॉक्टरांची खुर्चीही. गाडीचा आवाज आला की ते आधी नुसता कान द्यायचे. रिक्षा मुकाट्याने येऊन उभी राहिली तर जागचे हलायचे नाहीत. हॉर्न वाजवत, करकचून ब्रेक दाबत आली की उठायचे, खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवायचे, स्टेथोस्कोप गळ्यात सारखा करायचे आणि बाहेर पडायचे. चालण्यात घाई कधीच नाही. रिक्षापाशी गेले की दारातच उभे राहायचे, एक हात वरच्या दांडीला, दुसरा आतल्या माणसाच्या नाडीवर. त्यामुळे आतल्याला उतरायला जागाच राहायची नाही. मग तो आवाज. दुधावर साय धरावी तसा मऊ. "घाबरू नका. मी बघितलंय ना? इथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. तुमचा माणूस महत्त्वाचा, आमचं हॉस्पिटल नाही. पुढे घेऊन जा. हायवे मोकळा आहे."

हायवे मोकळा असल्याची खबर त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या कोण द्यायचं, ते देव जाणे. नातेवाईक मात्र हात जोडायचे. रिक्षा वळायची, धूर सोडत फाटकाबाहेर जायची. डॉक्टर आत येऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, टॉवेलने एकेक बोट पुसायचे आणि मला म्हणायचे, "सावंतबाई, याचा पेपर काढू नका. तो आपला नव्हता."

कारण त्यांच्या लेखी पेशंटच्या दोनच जाती होत्या, आपला आणि पुलाचा. जो वाचणार हे शेंबड्या पोरालाही कळेल, तो आपला. ज्याचं काही सांगता येत नाही, तो पुलाचा. ही भाषा मग सगळ्या कॅज्युअल्टीची झाली. आयाबायासुद्धा रिक्षात डोकावून म्हणायच्या, "पुलाचा दिसतो."

नवीन डॉक्टर लागला की पहिल्याच दिवशी निमकर त्याला पोर्चमध्ये नेऊन उभं करायचे. साळवी नावाचा कोवळा पोरगा लागला तेव्हाचं मी कानांनी ऐकलंय. "औषधं पुस्तकात आहेत, ती कधीही वाचशील. आधी ही पायरी बघ. पेशंटचा पाय हिला टेकला की तो आपला. मग जगला तर देवाने वाचवला, आणि मेला तर आपण मारला. म्हणून पाय टेकू द्यायचा नाही. कळलं?" साळवीने मान हलवली, पण त्याचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता. तेव्हा तो पोरगा मला आवडला होता.

"माझ्या कॅज्युअल्टीत आजवर एकही मृत्यू नाही," हे वाक्य डॉक्टर ट्रस्टींच्या प्रत्येक मीटिंगला म्हणायचे. खोटं नव्हतं. मरणाऱ्याला दारातूनच वाटेला लावल्यावर आत मरणार कोण? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. अर्थ मला तिथे कळला.

जे 'आपले' असत त्यांचं कौतुक मात्र बघत राहावं. एव्हरशाईनमधल्या एका लहान मुलीने खेळता खेळता नाकात मणी घातला. आई रडतेय, बाप चर्चगेटच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला. मुलीला टेबलावर बसवलं, डॉक्टरांनी टॉर्च मागवला, आणि टॉर्च येईपर्यंत पोरगी सणसणीत शिंकली. मणी टप्पकन ट्रेमध्ये पडला. खेळ खलास. पण निमकरांनी तिला ठेवून घेतलं. सलाईन लावलं. राउंडला येऊन आईबापांना सांगायचे, "मणी श्वासनलिकेत गेला असता तर? तर काय झालं असतं, याचा विचारच करवत नाही." जे झालं नाही त्यातून त्यांनी त्या पोरीला वाचवलं. बाप जाताना पेढे घेऊन आला आणि चक्क पाया पडला. डॉक्टरांनी त्याला उठवलं, पेढ्याचा तुकडा तोडला, बाकीचा पुडा स्टाफला वाटला. पेढा चांगला होता हे कबूल करते.

आता त्याच एव्हरशाईनमधल्या दुसऱ्या घराची गोष्ट. एक म्हातारे गृहस्थ, छातीत कळ येऊन घामाने निथळत होते. मुलगा त्यांना स्वतःच्या गाडीतून घेऊन आला. डॉक्टर गेले, कंगवा फिरवून, सावकाश. दार अडवून उभे राहिले, नाडी धरली. साळवी मागे होता. तो हळूच म्हणाला, "सर, आत घेऊन निदान ऑक्सिजन लावू या. गोळी जिभेखाली..." डॉक्टर मागे न बघता मुलाला म्हणाले, "हे आमचे नवीन डॉक्टर. तळमळ आहे त्यांना. पण इथे घालवलेलं प्रत्येक मिनिट तुमच्या वडिलांचं आहे." मुलगा त्या वाक्याने इतका हेलावला की त्याने गाडी तिथल्या तिथे वळवली. पुलावर ट्रक बंद पडला होता. म्हातारे गाडीतच गेले.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा पुन्हा आला. मला वाटलं आता काच फोडतो. मी खिडकीचं दार लोटून घ्यायला हातसुद्धा पुढे केला होता. त्याने निमकरांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही तरी खरं सांगितलंत. दुसऱ्या कोणी उगीच ठेवून घेतलं असतं. आमचंच नशीब." आणि डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "थोडं आधी निघायला हवं होतं हो." माणसाने निर्लज्ज असावं, पण त्यालाही काही माप असतं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशातली गत. इथे तर शेळीच्या घरचे येऊन खाणाऱ्याचे आभार मानत होते.

त्यांची बाजू आहे, आणि ती सांगायला हवी. कुठल्याशा गावी पहिल्या नोकरीत असताना त्यांच्या हाताखाली एक तरणा पोरगा दगावला होता. लोकांनी टेबल-खुर्च्या फोडल्या आणि निमकर संडासात कडी लावून बसून राहिले. ही गोष्ट ते नवीन डॉक्टरांना सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज खरोखर चिरकत असे. मला भीती कळते. कॅज्युअल्टीत न घाबरणारा माणूस मी पाहिलेला नाही. गोपाळमामा रक्त बघून देवाचं नाव घ्यायचे आणि तरी स्ट्रेचर उचलायचे. पण आपल्या भीतीला दयेचा सदरा घालून लोकांना तिच्या पाया पडायला लावायचं, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

न घाबरणारी नव्हे, पण घाबरूनही पुढे जाणारी एक बाई तिथे होती. सिस्टर तुस्कानो. पश्चिमेच्या गावातली, ख्रिस्ती, अंगाने आडवी आणि बोलायला तिखट. नवरा नारळ पाडताना माडावरून पडून कायमचा घरी बसलेला, दोन मुलं शाळेत, आणि घरात मिळवती ती एकटी. सकाळी केळीच्या पानात बांधलेला डबा घेऊन यायची आणि निम्मा मला द्यायची. एकदा तिने डॉक्टर जेवायला गेलेले असताना एका फॅक्टरीतल्या मुलाला परस्पर आत घेतलं. त्याच्या हातातून रक्ताची धार लागली होती. पोरगा वाचला. पण डॉक्टरांनी ट्रस्टींकडे तक्रार केली, आणि ट्रस्टींनी तिला बोलावून सरळ सांगितलं की डॉक्टरांच्या हुकमाशिवाय पुन्हा कोणाला आत घेतलंत तर दुसरी नोकरी बघा.

ती खाली आली तेव्हा निमकर तिला तोच साईचा आवाज लावून म्हणाले, "सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या भल्यासाठीच आहे हे."

"सर, मला फादरपुढे पापाची कबुली द्यायला जायचं असतं," ती म्हणाली. "तिथे काय सांगू, हायवे मोकळा होता?"

डॉक्टर हसले. असल्या बोलण्याचं त्यांना काही लागत नसे. मग काही महिने तुस्कानोने कोणाला परस्पर आत घेतलं नाही. रिक्षा यायच्या, वळायच्या. ती ट्रॉलीवरच्या बाटल्या सारख्या करत बसायची, आणि बाटल्या फार जोरात आपटायची.

पावसाळा सरत आला होता. दुपारची वेळ. मिठागरांकडच्या एका गावातून टेम्पो आला, हॉर्न दाबूनच धरलेला. मागच्या फळीवर एक बाई आडवी, तिचं डोकं सासूच्या मांडीवर, आणि नवरा फळी धरून बाजूने धावत असल्यासारखा अर्धा बाहेर. टेम्पोवाल्याने गाडी मागे घेत घेत थेट पायऱ्यांना लावली. नवरा ओरडला, "डॉक्टर, हिला पान लागलाय. गवत कापत होती." तिकडे सापाचं नाव तोंडाने घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. बाईच्या उजव्या पायाला चिंधी करकचून बांधली होती. तिच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि काही बोलायला गेली तर जीभ वळत नव्हती.

निमकर कंगवा फिरवून आले. फळीपाशी उभे राहिले, नाडी धरली, पापणी वर करून पाहिली. सापाच्या विषावरचं इंजेक्शन आमच्या फ्रीजमध्ये होतं. ते तिथे आहे हे डॉक्टरांइतकं कोणालाच माहीत नव्हतं, कारण मुदत संपली की नवीन मागवा म्हणून तेच सांगायचे. पण ते इंजेक्शन कधी कधी उलटतं, पेशंट हातात जातो. म्हणून ते फक्त बदललं जायचं, दिलं जायचं नाही.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "मी बघितलंय. इथे वेळ घालवू नका. पुढे घेऊन जा."

"पुढं कुठं, साहेब?" नवरा म्हणाला.

"पुलापलीकडे. हायवे मोकळा आहे."

सासू म्हणाली, "डॉक्टर, पानी पन गिलत नाय ती. पुलाशी पोचल का?" डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि टेम्पोवाल्याला निघायची खूण केली. टेम्पोवाल्याने गिअर टाकला. साळवी डॉक्टरांच्या मागे उभा होता, तो खाली बघत होता.

तुस्कानो दारातून आली. धावत नाही, कामाला निघाल्यासारखी. गोपाळमामांना म्हणाली, "स्ट्रेचर आणा." गोपाळमामांनी डॉक्टरांकडे पाहिलं. ती टेम्पोच्या दुसऱ्या बाजूने गेली, डॉक्टर उभे होते त्यांच्या उलट्या अंगाने, आणि फळीवर वाकून तिने त्या बाईचा डावा पाय धरला, साप न चावलेला. गुडघ्यातून वाकवून हळूहळू खाली आणला. चिखलाने भरलेला पाय होता, घोट्यापर्यंत. तिने तो आमच्या पायरीवर ठेवला, तळवा पुरता टेकवला आणि वरून आपल्या हाताने दाबून धरला.

"टेकला, सर," ती म्हणाली. "आता आपली."

 आया, रिक्षावाले, खिडकीपाशी रांगेत उभे असलेले लोक, सगळे त्या पायाकडे बघत होते. हा नियम हॉस्पिटलातल्या मांजरालाही ठाऊक होता.  तुस्कानोची नोकरी त्या तळव्याखाली होती आणि तिला ते माहीत होतं. गोपाळमामांनी मग कोणाच्या तोंडाकडे न बघता स्ट्रेचर पुढे घेतलं.

निमकरांचा चेहरा पांढराफटक पडला. पण इतक्या लोकांसमोर आपलाच नियम मोडायची त्यांची हिंमत झाली नाही. भित्र्या माणसाला लोकांचीही भीती असतेच. ते आत गेले.

आणि पुढचं मी विसरू शकत नाही. बाटल्या आणा म्हणाले, सलाईन स्वतः लावलं. इंजेक्शन उलटलं, बाईच्या अंगावर गांध्या उठल्या, नाडी बुडाली. त्यांनी न गडबडता दुसरं औषध दिलं आणि नाडी परत आणली. श्वास मंदावला तेव्हा घशात नळी घातली, एकाच खेपेला, सुईत दोरा ओवावा तशी. साळवी श्वासाचा फुगा दाबत होता आणि डॉक्टर त्याला सांगत होते, "सावकाश. तुझ्या स्वतःच्या श्वासाबरोबर दाब." तो आवाज वेगळा होता. साय नव्हती त्यात. दिवेलागणीच्या सुमाराला त्या बाईने पापण्या उचलल्या आणि सासूकडे पाहिलं. साळवी फुगा सोडून रडायला लागला. तुस्कानोने त्याच्या पाठीत एक धपका घातला.

मला त्या दिवशी निमकरांचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. तोवर मी समजत होते की त्यांना येत नसेल. न येणाऱ्याची माणूस कीव करतो, फार तर टिंगल करतो. पण या माणसाला सगळं येत होतं. हात सोन्याचा होता, आणि तो हात वर्षानुवर्षं रिक्षाची दांडी धरायला वापरला.

पंधरवड्याने गावचे लोक सत्काराला आले. तांदळाचं पोतं, केळ्यांचा घड, शाल, नारळ. ट्रस्टी हजर होते. निमकरांनी शाल घेतली आणि भाषण केलं. "त्या क्षणी माझ्यासमोर दोन रस्ते होते. सोपा रस्ता होता, पुढे पाठवण्याचा. पण डॉक्टर म्हणून माझ्या मनाने कौल दिला, की ही माऊली आता आपली." टाळ्या पडल्या. शाल ठेवलेलं तबक तुस्कानोच धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, इथे तर नागही दुसऱ्याचा होता. ती बाई, जिला पान लागलं होतं, ती मात्र समारंभ संपल्यावर शोधत शोधत ट्रॉलीपाशी आली आणि तुस्कानोला म्हणाली, "सिस्टर, माझा पाय तू धरलास ना? सासू सांगते." तुस्कानोने तिला एक केळं सोलून दिलं.

त्याच आठवड्यात ट्रस्टींनी सिस्टरला वर बोलावलं. शिस्त म्हणजे शिस्त. निमकरांनी तिच्यासाठी शब्द टाकला, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत होते. शब्द कोणता टाकला ते नाही सांगितलं. काढलं नाही तिला, पण कॅज्युअल्टीतून उचलून मागच्या इमारतीत कपडे मोजायला बसवलं. चादरी, उशांचे अभ्रे, हिरवे कपडे. तिने ते सहा महिने केलं, मग वसईतल्या कितीतरी नर्सेस जातात तशी तीही आखातात गेली. जायच्या आदल्या दिवशी मला केळीच्या पानातला डबा पूर्ण दिला, निम्मा नाही. मी तो दोन्ही हातांत धरून उभी राहिले. तीच म्हणाली, "खा गो, थंड होईल."

ती गेली आणि साळवी शिकला. कोणी शिकवायला लागलं नाही. पाय टेकवणाऱ्याला चादरी मोजाव्या लागतात आणि पाय न टेकवणाऱ्याला शाल मिळते, एवढं त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. हळूहळू त्याच्या तोंडी तीच वाक्यं आली. आवाजावर साय धरायला काही वर्षं लागली, पण धरली. निमकरांकडे कंगवा होता, साळवी चष्मा पुसायचा. रुमाल काढून दोन्ही काचा नीट पुसायच्या, चष्मा लावायचा आणि मग बाहेर. निमकर निवृत्त झाले तेव्हा कॅज्युअल्टी त्याच्याकडे आली. निरोपाच्या भाषणात सर म्हणाले, "मी निश्चिंत मनाने जातो आहे."

निवृत्तीनंतर ते एव्हरशाईनमध्येच राहिले. बागेत फिरायला यायचे, बाकावर बसून लोकांना फुकटचा सल्ला द्यायचे. कधी दिसले तर मला म्हणायचे, "काय सावंतबाई, आपल्या कॅज्युअल्टीत अजून एकही नाही ना?" मी नाही म्हणायचे. ते खूश व्हायचे.

शोकसभेत शेवटी साळवी बोलला. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "सर शेवटच्या वेळी आपल्या पोर्चमध्ये आले, तेव्हा इतक्या वेदनेतही त्यांनी मला काय विचारलं असेल? विचारलं, आज ड्युटीवर सिस्टर कोण आहे? मृत्यूच्या दारातही कामाची चिंता. अशी माणसं आता होणे नाही." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तेवढ्या वाक्याला गोपाळमामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही त्या दुपारी तिथे होतो.

निमकर डॉक्टर पुलावर गेले. ना वसईत, ना मुंबईत. आमच्या कॅज्युअल्टीत एकही मृत्यू नाही हा त्यांचा विक्रम त्यांनी स्वतःसुद्धा मोडला नाही.

त्या दुपारी त्यांचा पुतण्या गाडी घेऊन आला होता, हॉर्न वाजवत. मागच्या सीटवर डॉक्टर, छातीवर हात दाबून, शेजारी त्यांची बायको. साळवी चष्मा पुसून सावकाश गेला. गाडीच्या दारात उभा राहिला, एक हात टपावर, दुसरा सरांच्या नाडीवर. "सर, घाबरू नका. मी बघितलंय," तो म्हणाला. "तुम्हाला मी काय सांगणार? इथे वेळ नको घालवायला."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते त्याच्या कमरेशेजारून जेवढं दार दिसत होतं तेवढ्यातून आत बघत होते, आमच्या दाराकडे. घामाने केस कपाळाला चिकटले होते. इतक्या वर्षांत त्यांचे केस विस्कटलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"सिस्टर कोण आहे आज?" त्यांनी विचारलं.

"आहे कोणीतरी नवीन, सर. तुम्ही बोलू नका."

मी खिडकी सोडून उठले. गोपाळमामा स्ट्रेचरच्या दांडीला हात लावून उभे होते आणि साळवीकडे बघत होते. तेवढ्यात डॉक्टरांनी आपला पाय गाडीबाहेर काढला. घरातली रबरी चप्पल होती, अंगठा पुढे आलेला. पाय हवेत चाचपडत खाली येत होता आणि पायरी वीतभर खाली होती. मी दारापर्यंत पोहोचेस्तोवर साळवीने वाकून तो पाय दोन्ही हातांनी धरला, फार जपून धरला, आणि उचलून आत ठेवला.

"पाय आत घ्या, सर," तो म्हणाला. "दार लावतो."